वजनात बसवलेली मुलगी

पडवळ सरांनी माझ्या मुलीला फसवलं आणि तिच्या आडून मला फसवलं. मंडळाने आम्हां दोघींना फसवलं, तेही चषक कपाटात ठेवून झाल्यावर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणी दुसऱ्या बाजूची वाट बघत बसायला नको. दुसरी बाजू मी समोर बसून ऐकली आहे. तीही लिहिणार आहे, कारण तिच्यात दम नाही.

संपादकांनी मागितला होता भांड्यांच्या धंद्यावरचा लेख. लालबागला माझं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. नवीन विकते आणि मोड घेते. मोड म्हणजे जुनं भांडं, जे आता भांडं म्हणून नाही तर धातू म्हणून विकलं जातं. वरळीच्या बीडीडी चाळींतली माणसं टॉवरमध्ये जायला लागली तशी मोड फार यायला लागली. नव्या घरात गिझर असतो, बंबाला जागा नसते. संपादक म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा." लिहिते. पण हा धंदा वजनाचा आहे, आणि वजनातली सगळ्यात मोठी लबाडी माझ्या दुकानात झालीच नाही. ती सोडून बाकीचं लिहायचं म्हणजे मीच काटा मारल्यासारखं होईल.

आधी गमती. वरळीहून एक आजोबा तांब्याचा बंब घेऊन आले. टॅक्सीतून उतरवताना ड्रायव्हरला घाम फुटला. मी म्हटलं, "आजोबा, उलटा करते हं."

"कशाला? रिकामाच आहे."

"रिकाम्यालाच उलटं करायचं असतं."

उलटा केला. आधी ओली राख पडली. राख ओली असली की जड होते, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मग नळीतून हात घालून मी वरवंट्याचा तुकडा बाहेर काढला. आजोबांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अरे, हा इथे होता काय? आमची ही कधीची शोधतेय." मी हसले आणि बंब घेतला. इतकी चांगली थाप मारणाऱ्या माणसाला परत पाठवणं माझ्याच्याने होत नाही.

लोकांना वाटतं की लबाडी पकडायला नजर काट्यावर हवी. काट्यावर नजर नवशिका ठेवतो. मी माणसाकडे बघते. ज्याने काही केलेलं असतं तो काट्याकडे बघतो. ज्याने काही केलेलं नसतं तो भांड्याकडे बघतो, कारण ते त्याच्या आईचं असतं. प्रभादेवीच्या एका बाईंनी कळशी आणली होती. काठावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं, तेही माहेरचं. कळशी काट्यावर होती आणि बाई त्या नावावरून बोट फिरवत होत्या. मी कळशी उचलून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "घरी न्या. फुलं ठेवा हिच्यात." माझा नवरा म्हणतो, असा धंदा करतेस आणि वर भावावरून घसा फोडतेस. तर असा करते.

आणि एक सवय. माझे सौदे तोंडी असतात, पण समोरच्याला मी अटी परत म्हणायला लावते. "कळलं" हा शब्द मी ऐकत नाही. "काय कळलं ते म्हणून दाखवा." माणसं चिडतात, पण म्हणतात. एकदा स्वतःच्या तोंडाने म्हटलं की माणूस सहसा फिरत नाही. सहसा.

आता प्रांजल. माझी एकुलती एक मुलगी, पंधरा वर्षांची. डिलाईल रोडला आम्ही राहतो तिथून गल्लीतल्या क्रीडा मंडळाचं मैदान गॅलरीतून दिसतं, आणि या मैदानावर ती चालायला लागल्यापासून कबड्डी खेळते. डावा कोपरा पकडते. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात आला की सुटत नाही. हा गुण माझ्याकडून गेला आहे.

अकरा वर्षांची असताना ती वाळायला लागली. खायची दुप्पट, पाणी प्यायची तांब्याने, आणि कपडे अंगावरून ओघळायचे. शेजारणी म्हणाल्या, उंच होतेय. पडवळ सर मंडळाचे प्रशिक्षक. त्यांनी इतर मुलींना हिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "बघा, अंगावर चरबी नाही. खेळाडू असा हवा." मी फुशारले. थोड्याच दिवसांत ती शाळेत चक्कर येऊन पडली आणि परळच्या हॉस्पिटलात कळलं की हा टाईप वन डायबेटीस आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण न माहीत असणाऱ्यांनी मला फार छळलं आहे. हा गोड खाल्ल्याने होत नाही. आई-बापाच्या लाडाने होत नाही. साखर रक्तातून शरीरात पोचवायला इन्सुलिन लागतं. या मुलांच्या शरीरात ते तयार व्हायचं थांबतं, म्हणून ते बाहेरून टोचून घ्यायचं. रोज, प्रत्येक जेवणाला, जन्मभर. जास्त झालं तर साखर उतरते, मूल थरथरतं, तेव्हा लगेच गोड द्यावं लागतं. कमी पडलं तर साखर रक्तात साचते आणि शरीर उपाशी राहतं. मग ते स्वतःचीच चरबी जाळायला लागतं, रक्त आंबतं. चार वर्षांपूर्वी माझी पोर वाळत होती ती खेळाडू होत होती म्हणून नव्हे. ती आतून जळत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

सुई म्हणजे औषध नाही, तिचं अन्नपाणी आहे. हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल. गावाहून सासूबाईंचा नातीसाठी फोन यायचा, "चेडवाक कारल्याचो रस दी गो, सुयो नको." शाळेतल्या एका बाईंनी तिची बिस्किटं काढून घेतली, वर्गात चोरून खाते म्हणून. दुकानात एक गिऱ्हाईक कलश हातात घेऊन म्हणाली, "एवढ्याशा पोरीला डायबेटीस? फार लाडावलीत वाटतं. आणि लग्नाचं कसं करणार?" मी तिच्या हातातून कलश घेतला आणि परत फळीवर ठेवला.

"अहो, भाव ठरला ना आपला?"

"ठरला होता. आता विकायचा नाही."

ही झाली परकी माणसं. घरात वेगळी लढाई होती. भाकरी हातावर घेतली की मला तिचं वजन कळतं, त्यावरून किती इन्सुलिन ते प्रांजल ठरवायची. वडापावच्या गाडीसमोर आमची घासाघीस चालायची. एक की दोन, आता की खेळून आल्यावर. ती माझ्याहून चिवट. एकदा ती शाळेतून आली आणि मी दारातच विचारलं, "किती आली?" म्हणजे साखर.

ती दप्तर फेकून म्हणाली, "बाकीच्या आया विचारतात पेपर कसा गेला. तू विचारतेस किती आली. मी भांडं नाहीये आई, सारखं वाजवून बघायला."

त्या दिवसापासून मी दारात विचारायचं सोडलं. जेवताना विचारायला लागले.

परळच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, खेळू द्या, फक्त सोबत असणाऱ्याला सगळं माहीत हवं. म्हणून मी पडवळ सरांना दुकानात बोलावलं. हंड्यांच्या रांगेत स्टुलावर बसवलं, चहा दिला, अटी सांगितल्या.

"कळलं वहिनी."

"म्हणून दाखवा."

ते हसले. मग बोटांवर मोजत म्हणाले, "सुई वेळेवर. खिशात साखर. थरथरली की मैदानाबाहेर. काही वेगळं दिसलं की वहिनींना फोन. झालं?"

झालं. आणि तीन वर्षं नीट चाललं, हेही लिहिते. सर सामना थांबवून तिला साखर देताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच पुढचं मला पचत नाही. ज्याला माहीत नव्हतं त्याला मी माफ केलं असतं. या माणसाला सगळं पाठ होतं.

किशोरी गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. स्पर्धेच्या सकाळी काटा लागतो. काटा जास्त दाखवत असेल तर मुलगी बाहेर, मग ती कितीही चांगली खेळो. त्यामुळे आधीचे काही दिवस मुली जेवण तोडतात, उन्हात स्वेटर घालून धावतात, पाण्याचा घोट घेऊन थुंकतात. ही जुनी रीत आहे, सगळ्या मंडळांत आहे, आणि तिला कोणी लबाडी म्हणत नाही. 'वजनात बसवणं' म्हणतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर प्रांजल भरली होती, जशी त्या वयाची मुलगी भरायला हवी तशी. मर्यादेच्या किंचित वर होती. डावा कोपरा तिच्याशिवाय रिकामा होता.

स्पर्धा प्रभादेवीला होती. त्याआधी मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये निवासी शिबिर ठेवलं. मी नको म्हणत होते. सर म्हणाले, "वहिनी, मी स्वतः समोर उभा राहून सुई घ्यायला लावीन. तुम्ही निर्धास्त राहा." रोज फोन केला. रोज तेच उत्तर, "माझ्यासमोर घेतली." फोनवर माणसाची नजर दिसत नाही.

स्पर्धेच्या संध्याकाळी दुकानात ऋतुजाचा फोन आला. ऋतुजा तिच्याच संघातली, उजव्या कोपऱ्याची.

"काकी, प्रांजल कायतरी वेगळाच श्वास घेतेय. दोनदा उलटी झाली. सर बोलतात दमलीय."

मी दुकान तसंच शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून टॅक्सी पकडली. मैदानावर ढोल चालू होते. भिंतीला टेकून प्रांजल बसली होती, गालांची हाडं वर आलेली, छाती भात्यासारखी हलत होती. सर धावत आले. चेहरा फुललेला.

"वहिनी, सेमी मारली. हिच्या दोन पकडींवर मारली. जरा थकलीय, ग्लुकोज पाजलंय. फायनलला उतरेल."

मी तिच्या तोंडाजवळ वाकले. पिकून उतरलेल्या फळासारखा वास. चार वर्षांपूर्वी हाच वास मला च्युइंगमचा वाटला होता. तिच्या बोटाला टोचून मशीन लावलं. आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे मशीनच्या मोजण्यापलीकडे. आणि या माणसाने तिला वरून ग्लुकोज पाजलं होतं.

"हिची सुई कुठाय?"

"घेतली ना सकाळी, माझ्यासमोर."

मी भांडत बसले नाही, मशीन पिशवीत टाकलं. मला ओळखणाऱ्यांना यावरून कळेल की मी किती घाबरले होते. ऋतुजाने आणि मी तिला उचललं. मागून सर म्हणत होते, "वहिनी, फायनल होईपर्यंत तरी." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

टॅक्सीत प्रांजलने डोळे उघडले. मला वाटलं पाणी मागेल. ती म्हणाली, "आई, वजनात बसले."

हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

मी ताडकन म्हटलं, "बंद नाही."

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, प्रांजलकडे बघत होत्या. प्रांजलने मान वळवली. "कमी केलं होतं," ती म्हणाली. "मग बंद."

"कोणी सांगितलं?"

तिने डोळे मिटून घेतले. तिला आत नेलं. तिचे वडील ड्युटीच्या कपड्यांतच आले आणि माझ्याशेजारी बाकावर बसले. पोर वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर, हे वाक्य मॅडमनी पूर्ण केलं नाही आणि मीही करत नाही. फायनल मंडळाने तिच्याशिवाय जिंकली. चषकासोबतचा फोटो चौकात फ्लेक्सवर लागला. खाली कोपऱ्यात 'प्रांजल, लवकर बरी हो' असं छापलं होतं.

घरी आल्यावरही ती नाव घेईना. मी रागावले, गोंजारलं, ओरडले. ती म्हणायची, "माझं मीच केलं." मी मंडळाच्या कार्यालयात गेले. चिटणीस भाऊ खुर्चीत, सर बाजूला.

ही त्यांची बाजू. सर म्हणाले, "वजन कमी कर म्हटलं असेल. सगळ्याच पोरींना म्हणतो. सुईचं मी कशाला बोलू? मी काय डॉक्टर आहे?"

"रोज फोनवर मला काय सांगत होता मग?"

"पोरगी बोलली घेतली, मी म्हटलं घेतली."

"समोर उभा राहतो म्हणालात."

"एवढ्या पोरी असतात वहिनी, एकीच्याच समोर कसा उभा राहू?"

भाऊंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "वहिनी, या माणसाने गल्लीतली किती पोरं घडवली. आज नोकऱ्यांना आहेत खेळावर. घरातलं घरात ठेवा. पुढच्या वर्षी कप्तानपद प्रांजलला, माझा शब्द."

मी आयुष्यभर सौदे केलेत. समोरचा न मागता भाव वाढवून देतो तेव्हा मालात काय दडलंय हे मला विचारावं लागत नाही. मी पाणी न पिता उठले. भाऊंनी काय देऊ केलं ते घरी येऊन सांगितलं.

ऋतुजाला विचारलं. तिने जिन्यात मान खाली घातली. "काकी, मी ऐकलंय. पण आई बोलते तू गप्प बस. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल ती सरांच्याच शिफारशीवर." मी तिच्यावर चिडले नाही. तिच्यामुळे माझी मुलगी आहे. सगळ्या पोरींच्या तोंडाला ही नोकरीची पट्टी आहे, आणि ती बांधणाऱ्याला आपण गुरू म्हणतो.

मग मंडळाच्या फळ्यावर सूचना लागली. आरोग्याच्या कारणास्तव इन्सुलिन घेणाऱ्या मुलींना शिबिरात आणि संघात घेता येणार नाही. अशी मुलगी अख्ख्या मंडळात एकच आहे. म्हणजे ज्याने सुई बंद करायला लावली तो शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात, आणि जिला सुई लागते ती गॅलरीत. डॉक्टर मॅडमनी ती खेळू शकते म्हणून सांगितलं होतं, तेही मी जाऊन सांगितलं. भाऊ म्हणाले, "जबाबदारी कोण घेणार?" मला हसू आलं. शिबिरात ती कोणी घेतली होती?

सूचना वाचून आल्यावर प्रांजल पहिल्यांदा बोलली. कांदा चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. शिबिराच्या पहिल्या सकाळी काट्यावरून उतरल्यावर सरांनी तिला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, "आजारी पडायच्या आधी कशी काडीसारखी होतीस आठवतं? तेव्हा कुठे होती सुई? थोडे दिवस हात आखडता घे. खेळून झालं की परत सुरू कर. आईला नको बोलू, ती उगाच घाबरते."

जो आजार माझ्या पोरीला खात होता, तो या माणसाने वजन उतरवायचा उपाय म्हणून लक्षात ठेवला होता.

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस गं?"

"मला खेळायचं होतं." तिने सुरी खाली ठेवली. "आणि तू कप्तानपद घेशील की भांडशील, मला माहीत नव्हतं."

हे मला लागलं. पण ते माझं आणि तिचं.

हा लेख मी लिहिणार नव्हते. तिचं नाव छापून यायला नको होतं. गेल्या आठवड्यात ती गॅलरीत उभी होती. खाली ऑक्टोबरच्या उन्हात एक नवीन मुलगी स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होती. सावलीत सर उभे होते, खिशात हात घालून. प्रांजल आत आली आणि म्हणाली, "आई, लिही. माझं नाव घाल."

घातलं. लिहिलेलं तिला वाचायला दिलं. मी सरांना दिलेल्या दोन शिव्या तिने खोडल्या, बाकी तसंच ठेवलं.

तर पडवळ सर, हा अंक मंडळाच्या वाचनालयात येतो, तुम्ही वाचाल. सराव सुरू असताना, सगळ्या मुली आणि त्यांच्या आया मैदानात असताना, माझ्या मुलीसमोर उभे राहा आणि तिला काय सांगितलंत ते सांगा. ती खोटं बोलत असेल तर तिच्या तोंडावर तसं म्हणा. आणि चिटणीस भाऊ, ती सूचना फळ्यावरून तुम्ही उतरवा, नाहीतर कोणाच्या सहीने लावलीत आणि कोणाला वाचवायला लावलीत ते तिला सांगा. मला सांगू नका. ती गॅलरीत उभी आहे, वर बघा आणि तिला उत्तर द्या.